जुन्या व्हिडिओ कॅसेट डीव्हीडीवर घेताना चित्र बिघडू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या, मुंजीच्या, बारशाच्या व्हीएचएस कॅसेट घरात पडून आहेत, त्या डिस्कवर घ्यायच्यात पण चित्र खराब यायला नको, असं म्हणणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो. सगळे विचारतात सॉफ्टवेअर कुठलं वापरू, व्हीसीआर कुठला वापरू हे कोणी विचारत नाही, आणि चित्र बहुतेक वेळा बिघडतं ते तिथेच, कॅसेट वाजवताना. डिस्कवर जाईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

एकाच लग्नाच्या तीन-चार कॅसेट आहेत, त्यातली कुठली घ्यायची?

शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यात प्रत्यक्ष फिरलेली. १९९० च्या आसपास आपल्याकडे लग्नाचं शूटिंग खांद्यावरच्या मोठ्या कॅमेऱ्याने थेट व्हीएचएसवर व्हायचं, मग स्टुडिओत त्याचं 'मिक्सिंग' व्हायचं, म्हणजे दोन व्हीसीआर आणि मधे मिक्सर लावून नवी कॅसेट बनायची, ज्यात नवरा-नवरी बदामात दिसतात, कोपऱ्यातून फुलं येतात आणि मागे सिनेमाचं गाणं. ही मिक्सिंगची कॅसेट म्हणजे आधीच कॉपी, आणि मामाकडे, मावशीकडे दिलेल्या त्या कॉपीच्या कॉपी. व्हीएचएसमध्ये दर कॉपीला रंग पसरतात, कडा मऊ पडतात, मुंग्या (चित्रावर वळवळणारे ठिपके) वाढतात, आणि एकदा गेलेलं नंतर कशानेही परत येत नाही. म्हणून शोधाशोध करायची ती आत्ताच करा, माळ्यावर बघा, 'रॉ' किंवा 'ओरिजिनल' लिहिलेली कॅसेट सापडते का, शूटिंगवाला ओळखीचा असेल तर त्याच्याकडे आहे का विचारा.

रॉ कॅसेटचा अजून एक फायदा आहे जो लोकांच्या लक्षातच येत नाही. मिक्सिंगमध्ये गाणं टाकताना मूळ आवाज उडवलेला असतो. रॉमध्ये मंगलाष्टकं, पंगतीतला आग्रह, मागे कोणीतरी कोणाला तरी ओरडतंय, हे सगळं तसंच असतं. मी तर सांगतो दोन्ही घ्या, मिक्सिंगवालीत बदामं असली तरी घरच्यांना तीच ओळखीची असते.

आमच्याकडे त्या कॅसेटवरून २००२-०३ साली केलेली व्हीसीडी आहे, तिचीच डीव्हीडी करता येईल ना?

करता येईल पण करू नका. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ चं असतं आणि डेटा सेकंदाला जेमतेम ११५० किलोबिट, त्यात आपल्या कॅसेटच्या मुंग्या बसतच नाहीत म्हणून चेहऱ्यावर चौकोन चौकोन दिसतात. मूळ कॅसेट वाजत असेल तर व्हीसीडी बाजूला ठेवा. कॅसेट हरवली असेल तर व्हीसीडीतली .डॅट फाइल कॉम्प्युटरवर जशीच्या तशी कॉपी करून ठेवा, डिस्क चरे पडायच्या आत.

व्हीसीआर आणू कुठून? आणि कुठला?

नवीन मिळत नाही. शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, त्यामुळे आता जो मिळेल तो जुनाच. आधी नातेवाइकांना विचारा, माळ्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलेला एक तरी निघतोच. मग मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, तिथल्या जुन्या रिपेअरवाल्यांना माहीत असतं कोणाकडे काय पडलंय.

घेताना आपली एखादी बिनकामाची कॅसेट घेऊन जा, वाजवून बघा, पुढे-मागे पळवून बघा, कॅसेट बाहेर काढल्यावर टेपच्या कडेला चुण्या पडल्यात का बघा. चुण्या पाडणारं मशीन फुकट दिलं तरी घेऊ नका. एस-व्हीएचएस मशीन मिळालं, म्हणजे ज्याच्या मागे एस-व्हिडिओचं गोल चार पिनांचं सॉकेट असतं, तर सोडू नका, साधी व्हीएचएस कॅसेटही त्यावर जास्त चांगली दिसते. जेव्हीसी आणि पॅनासॉनिकच्या काही एस-व्हीएचएस मशीनमध्ये तर टीबीसी आतच असतो, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आणि हो, ज्या मशीनवर किंवा कॅमेऱ्यावर ती कॅसेट रेकॉर्ड झाली तोच अजून चालू असेल तर पहिला मान त्याला. प्रत्येक मशीनची जुळणी थोडी वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्या चांगल्या मशीनवर मुंग्या येणारी कॅसेट कधी कधी आपल्या जुन्या डबड्यावर स्वच्छ वाजते, हे बऱ्याचदा बघायला मिळतं.

व्हीसीआर चालू केला पण नुसत्या मुंग्याच दिसतायत. कॅसेट गेली का?

लगेच रडू नका. बहुतेक वेळा हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, घाण झालेलं असतं. दुसरी कॅसेट लावून बघा, तिच्यातही मुंग्या असतील तर दोष हेडचा.

साफ करायचं तर वायर काढून, वरचं झाकण उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्केवालं, मोबाइल रिपेअरच्या सामानात मिळतं) शामी लेदरच्या (मऊ चामड्याच्या) तुकड्याला किंवा कोऱ्या गुळगुळीत कागदाला लावायचं, ते चकचकीत ड्रमला (हेड यावरच बसवलेलं असतं) अगदी हलकं टेकवून धरायचं आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा. कागद हलवायचा नाही, ड्रम फिरवायचा. वर-खाली तर अजिबात पुसायचं नाही, हेडचे तुकडे केसाएवढे बारीक असतात, तुटले की मशीन संपलं. कान साफ करायच्या काड्या नकोत, कापसाचे धागे हेडमध्ये अडकतात. पूर्ण वाळू द्या, मगच कॅसेट घाला. हे हात थरथरणाऱ्याचं काम नाही, भीती वाटत असेल तर मेकॅनिककडून करून घ्या.

हेड स्वच्छ आहे तरी एकाच कॅसेटवर मुंग्यांचा आडवा पट्टा येतोय? मग ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेषांवर बरोबर चालतंय का ते. ऑटो ट्रॅकिंग बऱ्याचदा मधेच गोंधळतं, रिमोटवरून हाताने वर-खाली करून बघा, आणि नुसतं चित्र बघू नका, आवाजही ऐका, कारण हाय-फाय ट्रॅकचा आवाज फाटला की ट्रॅकिंग काठावर आहे असं समजायचं.

कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरं पांढरं दिसतंय.

बुरशी. कोकण, मुंबई, गोवा, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते तिथे ही तर येणारच. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, एकदम नाही, कारण ती पावडर हेडला लागते आणि मग तुम्ही पुढची जी जी कॅसेट लावाल तिच्यावर पसरते. आधी बाकीच्या कॅसेटपासून वेगळी करा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर काही आठवडे ठेवा म्हणजे बुरशी कोरडी पडते. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर मारू नका, ओव्हन तर नकोच (ओव्हनचे उपाय नेटवर वाचाल, ते वेगळ्या आजाराचे आहेत). कोरडी झाली की टेप पुसून घ्यायचं काम हे काम करणाऱ्याकडेच द्या, तो मास्क लावून, वेगळ्या मशीनवर करतो.

हौसेने उघडायचीच असेल तर व्हीएचएसच्या डब्याला खालून पाच स्क्रू असतात, आणि आतली रिळं दुसऱ्या चांगल्या डब्यात घालता येतात. डबा तुटलाय, खिडकी फुटलीय, स्प्रिंग गेलीय, या सगळ्यावर हाच उपाय. टेप तुटली असेल तर साधी सेलोटेप वापरू नका, तिचा गोंद सुटून हेडला चिकटतो, टेप जोडायची खास स्प्लायसिंग टेपच हवी. दोनचार सेकंद जातील, जाऊ द्या.

कॉपी करायला लावण्याआधी काय करायचं?

कॅसेटच्या मागच्या कडेचा तो प्लास्टिकचा टॅब तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी लग्नावर काही चढणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे, सलग. वीस वर्षं एका जागी बसलेली टेप त्याने मोकळी होते आणि ताण सारखा होतो, चित्राचं वरचं टोक हलणं बरंच कमी होतं. गुंडाळताना मधेच आवाज जड झाला तर थांबा, ओढाताण नको.

पावसाळ्यात किंवा एसीतून बाहेर आणलेलं मशीन लगेच चालू करू नका, ड्रमवर दव धरतं आणि ओल्या ड्रमला टेप चिकटली की गुंडाळी झालीच. दोन तास खोलीत राहू द्या.

पिवळी-पांढरी-लाल वायर चालेल की एस-व्हिडिओ पाहिजे?

एस-व्हिडिओ असेल तर तीच. व्हीएचएस टेपवर उजेडाची माहिती आणि रंगाची माहिती वेगवेगळीच लिहिलेली असते, पिवळ्या वायरीत व्हीसीआर त्या दोन्ही एकत्र कालवतो आणि पुढे कॅप्चर डिव्हाइस (चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारा डबा) परत वेगळ्या करायला बसतो, त्यात रंगांच्या कडांवर ठिपके चालताना दिसतात, बारीक काठाच्या साडीवर इंद्रधनुष्य येतं. साध्या व्हीसीआरला एस-व्हिडिओ नसतोच, मग पिवळी वायर, पण जरा बरी, जाड, छोटी. अँटेनाच्या सॉकेटमधून मात्र कधीच घेऊ नका, त्याच्याएवढं वाईट चित्र कशातून येत नाही.

ते स्वस्तातलं यूएसबी कॅप्चर डिव्हाइस चालतं का?

चालतं पण नशिबाचा भाग आहे. एकाच नावाने, एकाच डब्यात आत वेगवेगळ्या चिप असलेले विकतात, एखाद्यात चित्र ठीक येतं, दुसऱ्यात पांढरा भाग जळून जातो म्हणजे नवरदेवाचा सदरा नुसता पांढरा ठोकळा दिसतो. घेतलंच तर पाच मिनिटांचा तुकडा घेऊन बघा, ज्यात ऊनही आहे आणि काळा कोटही आहे असा. पांढऱ्यात घड्या दिसत नसतील तर डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट उतरवा. हे घेतानाच करायचं, कारण एकदा पांढरं कापलं गेलं की नंतर अंधार केला तरी घडी परत येत नाही, पांढऱ्याचं राखाडी होतं एवढंच.

एव्ही टू एचडीएमआय नावाचा छोटा डबा मिळतो तो मात्र या कामाला नकोच. तो चित्र ताणून, लायनी कशाही जोडून मोठं करतो, टीव्हीवर बघायला ठीक, जपून ठेवायला नाही.

चित्राचा वरचा भाग वाकतोय, उभे खांब थरथरतायत.

हा टेपचा स्वभाव आहे. टेप कधी किंचित वेगात, कधी किंचित हळू धावते त्यामुळे प्रत्येक आडवी ओळ थोडी आधी किंवा थोडी नंतर सुरू होते, जुन्या काचेच्या टीव्हीला ते चालायचं, डिजिटल डिव्हाइसला चालत नाही. उपाय टाइम बेस करेक्टर, ज्याला सगळे टीबीसी म्हणतात. दोन प्रकार आहेत आणि लोक इथे फसतात. एक ओळी सरळ करतो, तो वर सांगितलेल्या एस-व्हीएचएस मशीनमध्ये असतो. दुसरा अख्ख्या चित्राची वेळ सांभाळतो, म्हणजे फ्रेम गळत नाहीत, तो वेगळा डबा येतो आणि महाग असतो. खांब थरथरत असतील तर पहिला हवा, मधेच चित्र थांबत असेल, आवाज पुढे पळत असेल तर दुसरा.

पैसे वाचवायचा एक जुगाड जगभरातले हौशी लोक करतात तो म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर मधे ठेवायचा, रेकॉर्डिंगसाठी नाही, नुसतं चित्र त्याच्यातून आत घालून बाहेर काढायचं. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठीच शोधले जातात, वाकलेला वरचा भाग ते चांगला सरळ करतात. बाजारात दिसला तर उचला.

चित्राच्या अगदी खाली एक फाटलेली पट्टी फडफडते, ती आधी नव्हती!

आधीही होती, दिसत नव्हती. व्हीसीआरचा ड्रम सेकंदाला २५ वेळा फिरतो आणि त्यावरची दोन हेड आळीपाळीने टेप वाचतात, एका हेडवरून दुसऱ्यावर जाण्याची जागा म्हणजे ती पट्टी. जुना टीव्ही चित्राच्या कडा फ्रेमच्या मागे लपवायचा. डीव्हीडी टीव्हीवर बघणार असाल तर काहीच करू नका, फार खुपत असेल तर तेवढ्या ओळींवर काळी पट्टी चढवा. कापून बाकीचं चित्र ताणू नका, ताणताना ओळींची सरमिसळ होते आणि हालचाल दातेरी दिसायला लागते.

कॉम्प्युटरवर हलणाऱ्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतायत. डीइंटरलेस करू का?

डीव्हीडी करणार असाल तर नाही. आपलं पाल सिस्टिमचं चित्र सेकंदाला २५ फ्रेमचं म्हणतात पण खरं तर ५० अर्ध्या चित्रांचं असतं, एकात सम ओळी, एकात विषम. कॉम्प्युटर दोन्ही एकदम दाखवतो म्हणून दात, आणि या अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं म्हणजे डीइंटरलेस. डीव्हीडीला ही पद्धत माहीत आहे, प्लेअर आणि टीव्ही ते नीट दाखवतात. तुम्ही आधीच डीइंटरलेस केलंत तर निम्मी हालचाल फेकून दिलीत, वरातीतला नाच अडखळत दिसतो.

यात एक खड्डा आहे, फील्ड ऑर्डर, म्हणजे कुठलं अर्धं चित्र (फील्ड) आधी दाखवायचं ते. यूएसबी डिव्हाइसने घेतलेल्या पाल चित्रात बहुतेक वेळा वरची फील्ड आधी, मिनीडीव्ही कॅमेऱ्यात खालची आधी. डीव्हीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये उलटं टिक झालं की माणूस चालताना एक पाऊल पुढे अर्धं मागे असा झटके खातो. कॉम्प्युटरवर हे कळत नाही, म्हणून आख्खी डिस्क करायच्या आधी एका रीराइटेबल डिस्कवर दोन मिनिटांचा तुकडा टाकून टीव्हीवर बघा.

मोबाइलसाठी किंवा यूट्यूबसाठी वेगळी फाइल करताना मात्र डीइंटरलेस करायचंच, ५० फ्रेम ठेवून. अॅव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमधला क्यूटीजीएमसी त्यासाठी अजूनही सगळ्यात चांगला, शिकायला डोकं लागतं आणि मशीनला वेळ लागतो.

सरळ डीव्हीडी रेकॉर्डर लावून डिस्क केली तर?

दहा कॅसेट आहेत, कॉम्प्युटरची कटकट नको, तर बिनधास्त करा. फक्त एक तासाच्या एक्सपी किंवा दोन तासांच्या एसपी मोडच्या पुढे जाऊ नका, शेवटी फायनलाइज करायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या प्लेअरवर डिस्क कोरी दिसते. आणि त्या डिस्कवरच्या फाइल लगेच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा.

कॉम्प्युटरवरून करणार असाल तर आधी मास्टर फाइल, मग तिच्यातून डीव्हीडी. मास्टर हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ अशा काही न गमावणाऱ्या कोडेकमध्ये (चित्र साठवायच्या पद्धतीत) घ्या, ७२० बाय ५७६, २५ फ्रेम. हफवाययूव्हीमध्ये तासाला साधारण ३० ते ४० जीबी जातात, ऐकून लोक घाबरतात, पण आज एक टीबीच्या हार्ड डिस्कवर घरातल्या सगळ्या कॅसेट बसतात. व्हर्च्युअलडब हे चित्र घ्यायचं सॉफ्टवेअर जुनं दिसतं, फुकट आहे, काम चोख करतं.

तीन तासांची कॅसेट एका डीव्हीडीवर बसेल का?

बसवली तर बसेल, आणि बहुतेक लोकांचं चित्र शेवटी इथेच मार खातं.

साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी. सेकंदाला ८ मेगाबिटने भरलं तर सव्वा तास, ५ मेगाबिटने दोन तास, आणि तीन तास कोंबायचे तर साडेतीनच्याही खाली जावं लागतं. आता कोणी म्हणेल व्हीएचएसचं चित्र तसंही मऊ, त्याला कशाला एवढा डेटा, सिनेमाच्या डीव्हीडी तर पाचमध्ये मस्त दिसतात. पण उलटं आहे. डीव्हीडीचा एमपीईजी-२ मागच्या फ्रेममधलं जे बदललं नाही ते परत लिहीत नाही, यावर तो जागा वाचवतो, आणि आपल्या कॅसेटमध्ये मुंग्यांमुळे दर फ्रेमला सगळं बदललेलंच असतं. सगळा डेटा मुंग्या रंगवण्यात जातो आणि चेहऱ्याला काही उरत नाही, मग होमाच्या धुरात, फ्लॅशच्या उजेडात, अक्षता उडतात तेव्हा चौकोन दिसतात. अक्षतांचा प्रसंग ही खरी परीक्षा, डिस्क झाली की तोच बघा.

म्हणून तीन तासांची ई-१८० असेल तर दोन डिस्क करा, मध्यंतर शोधून, लग्न एका डिस्कवर, वरात-रिसेप्शन दुसऱ्यावर. नाहीतर ८.५ जीबीची ड्युअल लेयर, ती चालते पण जुने प्लेअर कुरकुर करतात. अगदीच एकावर पाहिजे तर रुंदी अर्धी करा, ३५२ बाय ५७६, डीव्हीडीच्या नियमात बसतं, आणि व्हीएचएसमध्ये आडवा तपशील मुळात २४० ओळींच्या आसपास असल्यामुळे फारसं काही गमावत नाही, चौकोन मात्र कमी होतात. आवाज एसी३ मध्ये २५६ किलोबिट पुरे.

सुरुवातीला आवाज बरोबर, तासाभराने ओठ वेगळे आवाज वेगळा.

दोन कारणं. फ्रेम गळतायत, किंवा चित्र यूएसबी डिव्हाइसने आणि आवाज लॅपटॉपच्या माइक सॉकेटने घेताय, दोघांची घड्याळं वेगळी. आवाजही त्याच डिव्हाइसमधून घ्या, यूएसबी हब काढा, अँटीव्हायरस आणि वायफाय तेवढा वेळ बंद, आणि व्हर्च्युअलडबमध्ये गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो त्याच्यावर नजर ठेवा. कॅसेट रिकामी असलेल्या जागी आकडा वाढला तर चिंता नको.

चित्रावरून एक हलका आडवा पट्टा सावकाश वर सरकतोय.

घरातली वीज. व्हीसीआर एका सॉकेटला, लॅपटॉप दुसऱ्या, अर्थिंगचा पत्ता नाही, त्यातून येतो. सगळं एकाच बोर्डाला लावा, लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा तिथल्या तिथे जातो. सेट टॉप बॉक्सची केबल व्हीसीआरला जोडलेली असेल तर काढा. आणि लाइट जाणाऱ्या गावात यूपीएस हवाच.

अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली कॅसेट काळी-पांढरी दिसते, चित्र फिरतं.

ती एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली टीव्हीची पद्धत. तिकडे ५२५ ओळी, आपल्याकडे ६२५. आपल्या बऱ्याच व्हीसीआरवर 'एनटीएससी प्लेबॅक' लिहिलेलं असतं पण तो मधलाच काहीतरी सिग्नल काढतो जो टीव्हीला कळतो आणि कॅप्चर डिव्हाइसला कळत नाही. खरा एनटीएससी सिग्नल बाहेर काढणारा मल्टिसिस्टिम व्हीसीआर शोधा. मग ७२० बाय ४८० ला घ्या आणि डीव्हीडीही एनटीएससीच करा, पालमध्ये बदलू नका, इकडचे जवळजवळ सगळे प्लेअर दोन्ही वाजवतात. अजून सोपं म्हणजे कॅसेट तिकडेच कोणाकडून करून घेऊन फाइल मागवायची.

छोटी कॅसेट आहे, अडॅप्टरमध्ये घालून व्हीसीआरला लावता येते ना?

व्हीएचएस-सी असेल तरच, अडॅप्टरमध्ये पेन्सिल सेल घालायला विसरू नका. ८ एमएम, हाय८ किंवा मिनीडीव्हीला असा अडॅप्टर कधी बनलाच नाही, टेपची रुंदीच वेगळी, त्याला तो कॅमेराच लागतो. हाय८ साठी सोनीचा डिजिटल८ कॅमेरा, जुन्या कॅसेट वाजवणारा, मिळाला तर सोनं, तो फायरवायरने (डिजिटल केबलने) सरळ डिजिटल देतो. मिनीडीव्ही तर मुळातच डिजिटल आहे, त्याला पिवळी वायर लावून घेणं म्हणजे अन्याय, फायरवायरने जशीच्या तशी कॉपी होते, तासाला १३ जीबी.

एआयने एचडी करून देतो म्हणतात, करू का?

मास्टर जपून ठेवा आणि मग काय खेळ करायचा तो करा. मला स्वतःला ते मेणाचे चेहरे आवडत नाहीत, लांबून घेतलेल्या ग्रुप फोटोच्या शॉटमध्ये तर आत्याचा चेहरा भलत्याच बाईचा होतो. त्यापेक्षा काही व्हीसीआरच्या मागे किंवा मेनूत 'एडिट' नावाचा स्विच असतो तो चालू करा, मशीनचा नकली शार्पनेस बंद होतो आणि चित्र आपोआप शांत येतं. आणि चित्र ४:३ च राहू द्या हो, ताणून रुंद टीव्हीभर केलं की सगळं वऱ्हाड जाडं दिसतं.

विकत आणलेली सिनेमाची कॅसेट घेताना चित्र उजळतं-अंधारतं.

मॅक्रोव्हिजन, कॉपी होऊ नये म्हणूनच घातलेलं असतं. तो सिनेमा डीव्हीडीवर किंवा ऑनलाइन मिळत असेल तर बघा, वेळ घरच्या कॅसेटला द्या. घरच्या खराब कॅसेटवरही कधी कधी डिव्हाइसला मॅक्रोव्हिजनचा भास होतो आणि तो कॉपी नाकारतो, तेव्हा मधे टीबीसी घातला की चालतं.

डिस्क कुठली घेऊ, किती टिकते?

नावाजलेल्या कंपनीची डीव्हीडी-आर, सुट्ट्या ढिगातली नको. ४ एक्स किंवा ८ एक्सच्या वेगाने जाळा (बर्न करा), नंतर व्हेरिफाय करा, वर कागदी स्टिकर लावू नका (फिरताना डगमगते, गोंदही घात करतो), मधल्या पारदर्शक कड्यावर सीडीच्या मार्करने लिहा. उभी, अंधारात, कोरड्या जागी ठेवा. किती वर्षं याचं उत्तर डिस्कवर, जाळणाऱ्या ड्राइव्हवर आणि तुमच्या कपाटातल्या दमटपणावर अवलंबून, म्हणून डिस्क ही वाटायला, जपायला मास्टर फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. कॅसेटही फेकू नका, उभी ठेवा, पुढे कधी जास्त चांगलं मशीन हाताशी आलं तर परत घेता येईल.

स्टुडिओत देणार आहे, काय विचारू?

मशीन कुठलं, टीबीसी आहे का, एका डिस्कवर किती तास घालता, आणि डिस्कबरोबर मोठी फाइल देता का. "तासाभरात दोन कॅसेट करून देतो" म्हणाला तर हळूच पाहावं की दोन मशीन आहेत का, कारण एका तासाची कॅसेट एक तास आणि तीन तासांची तीन तासच घेते, पळवून कॉपी होत नाही.

पेनड्राइव्हवर टाकली पण टीव्हीला फाइल दिसत नाही.

मास्टर फाइल टीव्ही वाजवत नाही, त्याच्यातून एच.२६४ ची एमपी४ करा, आवाज एएसी, ७६८ बाय ५७६. पेनड्राइव्ह एफएटी३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर बसतच नाही, एक्सफॅटला फॉरमॅट करा, आणि जुना टीव्ही एक्सफॅट वाचत नसेल तर फाइलचेच दोन तुकडे करा.